चौथ्या डब्याचं चाक

टणटणे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, ते तिथेच राहिलं. छत्तीस वर्षं ते यार्डात उभ्या असलेल्या गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब दांड्याची हातोडी घेऊन चालले आणि प्रत्येक चाकाला एकेक ठोका देत गेले. चाक धड असलं की टणकन वाजतं आणि आवाज बराच वेळ रेंगाळतो. आत तडा गेला असेल तर नुसतं थप्प होतं आणि संपतं. मग त्या डब्यावर खडूनं फुली मारायची आणि डबा बाजूला काढायला लावायचा. एवढंच काम. यार्डातल्या टवाळांनी त्यांचं नाव टणटणे पाडलं, आणि ते इतकं चिकटलं की शेजारणी त्यांच्या बायकोलाही टणटणेकाकू म्हणू लागल्या. काकूंनी सुरुवातीला नाक मुरडलं. मग त्याही ओ देऊ लागल्या.

निवृत्त माणसाला रेल्वे वर्षाला एक फुकट पास देते. टणटण्यांचा पहिला पास कपाटात पडून वाया गेला, दुसराही गेला. तिसरा हातात आला तेव्हा एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "समुद्राच्या बाजूची गाडी धरू या का? चार दिवस. वाटेल तिथे उतरायचं, बघायचं, पुढची गाडी धरायची."

काकूंनी कप खाली ठेवला. लग्नानंतर ह्या माणसानं त्यांना कुठे नेलं असेल तर ते दवाखान्यात आणि दोन लग्नांना. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

"का? मी समुद्र बघू नये असं काही आहे का?"

"बघा की. मी कुठे नको म्हणतेय?" असं म्हणून काकू उठल्या आणि माळ्यावरची बॅग काढायला लागल्या.

समुद्र हे निमित्त होतं. ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. टणटण्यांना ते तोंडातून काढायला तीन वर्षं पुरली नाहीत, पण आपल्याकडे तेवढा वेळ नाही.

झालं होतं ते असं. नोकरीच्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत टणटण्यांचे कान गेले. बोलणं ऐकू यायचं, इंजिनाची शिट्टी ऐकू यायची. पण चाकाचा तो बारीक, रेंगाळणारा आवाज, ज्याच्यावर पोट चालत होतं, तोच नेमका गेला. सांगितलं असतं तर झाडू मारायच्या कामावर बसवलं असतं. म्हणून सांगितलं नाही. वर्षातून एकदा रेल्वेचा डॉक्टर कानांना यंत्र लावायचा आणि आवाज आला की बोट वर करा म्हणायचा. समोर औषधांचं कपाट होतं. त्याच्या काचेत डॉक्टरचा बटणावरचा अंगठा स्वच्छ दिसायचा. अंगठा हलला की टणटण्यांचं बोट वर. अशा रीतीनं ते दरवर्षी पहिल्या नंबरानं पास झाले.

कामाचं काय? त्याचीही युक्ती त्यांनी काढली होती. उजव्या हातानं ठोका द्यायचा आणि डाव्या हाताची बोटं लगेच हलकेच चाकाला टेकवायची. धड चाकाची थरथर बोटांत मुंग्या आल्यासारखी चढते आणि हळूहळू विरते. तडकलेल्या चाकाची नीट चढतच नाही. "टणटणे चाकाला आशीर्वाद देतात," म्हणून फिटर लोक हसायचे. हसोत बापडे. ह्या बोटांनी त्यांनी तीन तडकलेली चाकं पकडली होती, आणि त्यांतलं एक तर चांगल्या कानवाल्याच्या हातून सुटलेलं होतं. त्याचा त्यांना मनातून ताठाही होता.

थंडीत मात्र त्यांची बोटं फुटायची, भेगांतून रक्त यायचं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी काकूंनी करड्या लोकरीचे हातमोजे विणून दिले. बायकोनं दोन महिने बसून विणलेले मोजे. घातले नाहीत तर घरात तोंड कसं दाखवायचं? एका सकाळी गारठा मी म्हणत होता. टणटणे मोजे घालून गाडीच्या कडेनं निघाले. पहिला डबा, दुसरा, तिसरा. लोकरीतून थरथर जेमतेम लागत होती. प्रत्येक चाकाला मोजा काढायचा, पुन्हा घालायचा, ते जिवावर आलं. चौथ्या डब्याच्या तिसऱ्या चाकाला ठोका दिला तेव्हा बोटांना काहीच लागलं नाही. ते क्षणभर थांबले. मोज्यामुळे असेल, म्हणाले स्वतःशी. आणि पुढे गेले.

दुपारी समुद्राकाठच्या वळणावर चौथा डबा रुळावरून उतरला आणि खालच्या खडकांवर गेला. सात माणसं गेली.

चौकशी बसली. चाक फुटलेलं सापडलं, पण ते पडताना फुटलं असं साहेबांनी ठरवलं. वळणावर रुळाच्या दोन चाव्या जागेवर नव्हत्या. रूळ खालच्या स्लीपरला घट्ट धरून ठेवतात त्या लोखंडी पाचरींना चाव्या म्हणतात. रोज पहाटे मैलोन् मैल चालत जाऊन सैल झालेली चावी ठोकून बसवणारा माणूस तो चावीवाला. त्या टप्प्याचा चावीवाला नोकरीवरून गेला. टणटण्यांना साहेबांनी एकच प्रश्न विचारला होता, "चौथ्या डब्याची चाकं वाजली होती का?" टणटणे म्हणाले होते, "वाजली होती." दोन शब्द. त्या दोन शब्दांवर त्यांची पेन्शन सुरू होती, आणि त्यांच्या मागे काकूंना तिच्याशिवाय दुसरा आधार नव्हता.

एवढ्यावरही त्यांनी कदाचित निभावून नेलं असतं. माणूस बरंच काही निभावून नेतो. पण चौकशीच्या दिवशी खोलीबाहेरच्या बाकावर तो चावीवाला त्यांच्या शेजारीच बसला होता. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, मांडीवर टोपी घेतलेला. त्यानं विचारलं होतं, "मास्तर, आत काय विचारतात हो? आपल्याला बोलायची सवय नाही." आणि टणटण्यांनी, वडीलधाऱ्याच्या तोऱ्यात, त्याला सांगितलं होतं, "घाबरायचं काय त्यात? जे खरं असेल ते सांगायचं." त्यानं ते ऐकलं. आत जाऊन तो खरं ते बोलला, की त्या दिवशी त्या दोन चाव्या ठोकल्याचं आपल्याला नक्की आठवत नाही. तिथेच तो संपला. त्याच्यानंतर आत गेले ते टणटणे.

तो आता वळणाजवळच्याच छोट्या स्टेशनाच्या गावात बर्फाच्या कारखान्यात काम करतो, असं एका जुन्या फिटरनं सांगितलं होतं. टणटण्यांना त्याच्याकडे जायचं होतं. त्याच्यासमोर बसून सांगायचं होतं, की बाबा, तुझ्या चाव्यांचं मला ठाऊक नाही, पण ते चाक मेलेलं होतं आणि ते मला कळलं होतं. पुढे काय होईल ते होईल.

गाडी सकाळची, प्रत्येक स्टेशन घेणारी. काकूंनी खिडकी पकडली. पहिल्या बोगद्यानंतर डाव्या हाताला एकदम समुद्र आला आणि काकू "अगंबाई" म्हणाल्या, एवढंच. करडा, सपाट समुद्र, वर तसलंच आभाळ. मग खाडी, खाडीवरचा पूल, मिठाचे ढीग, पुन्हा बोगदा. टणटणे समुद्राकडे बघत नव्हते. ते डब्याच्या तळाकडे कान लावून बसले होते, म्हणजे कान नव्हे, पाय. बूट काढून त्यांनी तळवे लाकडी फळीवर टेकवले होते आणि रुळांचे सांधे मोजत होते.

"पाय वर घ्या, गारठा लागेल," काकू म्हणाल्या. "आणि जरा बाहेर बघा. समुद्र तुम्हालाच बघायचा होता ना?"

"बघतोय."

"खाली?"

वळण आलं तेव्हा गाडीचा वेग मंदावला. आता तिथे गाडी बैलाच्या चालीनं नेतात. खाली खडक, खडकांवर फेस. कुंपणाशी एक दगड उभा केलेला आणि त्यावर सात ओळी. वाचता येण्याआधीच तो मागे गेला. डब्यातली बोलणी तेवढ्यापुरती थांबली आणि परत सुरू झाली. दोन मिनिटांनी स्टेशन आलं. टणटणे उठले, बॅगेच्या पट्ट्यात हात घातला. फलाटावर एक बाई टोपलीतले मासे विकत होती, स्टेशनमास्तर हिरवं निशाण काखेत धरून दात कोरत होता. उतरायला काय लागतं? तीन पायऱ्या. गाडी हलली. टणटणे बॅगेचा पट्टा नीट करून खाली बसले.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. पट्टा पिळला होता."

त्या दिवशी ते थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले. बंदराचं गाव होतं. धक्क्याजवळच्या लॉजमध्ये खोली मिळाली. भिंतींना ओल, गादीला मिठाचा वास, आणि नळ असा की पाण्यापेक्षा आवाज जास्त. संध्याकाळी दोघं धक्क्यावर जाऊन बसली. बोटींतून पेट्या उतरत होत्या. काकूंनी कागदात बांधलेले शेंगदाणे काढले, निम्मे नवऱ्याच्या हातात ओतले. टणटण्यांनी ते हातातच धरून ठेवले.

"खा की. धरून काय ठेवलेत?"

"अगं," टणटणे म्हणाले, "मी एक विचारू?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. फार पटकन पाहिलं. "विचारा."

"तुला इथे बरं वाटतंय ना?"

काकूंनी मान वळवून पुन्हा बोटींकडे नजर लावली. "बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. भित्रा माणूस शेवटच्या क्षणी नेहमी दुसऱ्याचं सुख विचारतो, आणि टणटणे भित्रे होते. चांगले होते, कष्टाळू होते, आणि भित्रे होते.

दुसऱ्या दिवशी परतीच्या दिशेची गाडी. मधे दीपगृहाचं स्टेशन होतं, तिथे उतरले. पाहुण्यांना वर जाऊ देत होते. गोल जिना, पायऱ्या अरुंद, लोखंडी कठडा गंजून खरबरीत झालेला. काकू गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत चढल्या, पण चढल्या. टणटणे मधल्या खिडकीशी दम घ्यायला थांबले. दीपगृहाचा राखणदार, सैल स्वेटर घातलेला सुस्त गृहस्थ, वरून ओरडला, "या या, घाई नाही. हे कुठे पळून जात नाही."

वरून सगळा किनारा दिसत होता. गाडीचा मार्ग टेकड्यांत शिरत होता, बाहेर येत होता. मग एका ठिकाणी तो समुद्राच्या अगदी कडेला येऊन वळत होता. काकूंनी कठड्याला धरून बराच वेळ तिकडे पाहिलं. वारा जोरात होता.

"तिथेच ना?" त्या म्हणाल्या.

टणटण्यांना ऐकू आलं. काकू बरोबर त्यांच्या डाव्या कानाशी बोलल्या होत्या. पण कान गेलेल्या माणसाला एक सोय असते. ते म्हणाले, "काय? वाऱ्यात कळत नाही."

"काही नाही. टोपी सांभाळा म्हटलं."

खाली आल्यावर स्टेशनाजवळच्या दुकानात काकूंनी बिस्किटांचा मोठा पुडा आणि चहापत्ती घेतली. टणटण्यांनी विचारलं, एवढं कशाला. काकू पिशवीत पुडा नीट बसवत म्हणाल्या, "कुणाच्या घरी जायची वेळ आली तर रिकाम्या हातानं जाता येतं का?" टणटणे पुड्याकडे बघत राहिले. पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि काकूंनीही सांगितलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात न विचारायची दोघांनाही चांगली तालीम झाली होती. ती रात्र त्यांनी मधल्या एका गावात काढली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वळणाच्या स्टेशनावर उतरले. ह्या वेळी बॅग काकूंनी उचलली आणि त्याच आधी उतरल्या.

बर्फाचा कारखाना शोधावा लागला नाही. यंत्राची घरघर स्टेशनापर्यंत येत होती. टणटण्यांना ती पायांत लागली. मोठ्या दारातून आत धुकं साचलेलं, ओल्या जमिनीवर बर्फाच्या लाद्या सरकत येत होत्या. एक माणूस लोखंडी आकडा मारून त्या ओढत होता आणि मोगरीनं फोडून पेट्यांत भरत होता. टणटण्यांनी त्याला फोडण्याच्या लकबीवरूनच ओळखलं. आधी एक हलका ठोका, मग जरा थांबणं, मग खरा घाव. हातोडीवर जगलेला माणूस असा थांबतो.

त्यानंही ओळखलं. आकडा भिंतीला टेकवून, हात पँटला पुसत तो पुढे आला. तीन वर्षांत त्याचं वय दहा वर्षांनी वाढलं होतं. "मास्तर? यार्डातले मास्तर ना तुम्ही? इकडे कुठे?"

"समुद्र बघायला आलो होतो," टणटणे म्हणाले. आणि मग, "तुलाही भेटावं म्हटलं."

चावीवाल्याचा चेहरा इतका उजळला की टणटण्यांना तिथून पळून जावंसं वाटलं. "या ना, या. काकू, या. घर हे मागेच आहे."

घर म्हणजे कारखान्याला पाठ लावून उभी असलेली एकच खोली. मागची भिंत बर्फाच्या तळघराची, त्यामुळे बाराही महिने गार आणि घामेजलेली. एक खाट, स्टो, दोन पातेली. भिंतीवर खुंटीला लहान मुलीचा फ्रॉक टांगलेला होता, इस्त्री केलेला. "मुलगी आईकडे असते," त्यानं न विचारता सांगितलं. "म्हणजे बायकोच्या माहेरी. शाळेत मुलं तिला बोलायला लागली होती. बाप कोण ते गावाला माहीत आहे ना. हिनं तरी किती दिवस ऐकायचं? गेली घेऊन. बरोबर केलं तिनं." काकूंनी बिस्किटांचा पुडा खाटेवर ठेवला. त्यानं चहा टाकला. कप दोनच होते, म्हणून स्वतः वाटीत घेतला.

खिडकीत एक लोखंडी चावी ठेवली होती. झिजलेली, पण गंजलेली नव्हे. तेल लावत असावा. टणटण्यांची नजर तिच्यावर गेली तशी त्यानं ती उचलून त्यांच्या हातात दिली.

"अजून जातो मी रोज पहाटे," तो म्हणाला. "कुंपणाच्या बाहेरून. आत जाऊ देत नाहीत, एकदा पोलिसात दिलं होतं. बाहेरून दिसतात पण चाव्या. सैल दिसली की स्टेशनमास्तरला सांगतो. तो हसतो, पण माणूस पाठवतो." वाटीतला चहा त्यानं फुंकला. "मास्तर, खरं सांगू? मला आठवतं की त्या दोन्ही मी ठोकल्या होत्या. अगदी आठवतं. हात कुठे होता, ऊन कुठे होतं. मग वाटतं, हे आदल्या दिवशीचं असेल. किंवा त्याच्या आदल्या. रोज तेच चालणं, तेच ठोकणं. कुठला दिवस कुठला, हे माणसाला कसं कळणार? त्या साहेबांना मी तेच सांगायला गेलो. तुम्हीच म्हणाला होतात ना, खरं ते सांग."

"हो," टणटणे म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला नाही.

"त्याचं काही वाईट वाटत नाही मला. तुमचं बरोबरच होतं. खोटं बोललो असतो तर आणखी एक पाप." त्यानं वाटी खाली ठेवली आणि तो खाटेच्या कडेला पुढे सरकून बसला. "पण तुम्ही आलाच आहात, तर एक विचारू का? राग मानू नका. मी दुसऱ्या कुणाला विचारणार? चाकाचं तुमच्याएवढं कुणाला कळत नाही. ते चाक त्या सकाळी वाजलं होतं ना? नीट? म्हणजे तुम्हाला आठवतं ना, माझ्यासारखं नाही ना तुमचं? कारण, कसं आहे, चाकच गेलं होतं असं कुणी मला सांगितलं ना, मास्तर, तर मी उद्या जाऊन मुलीला घेऊन येईन."

इतकं सोपं करून दिलं होतं त्यानं. टणटण्यांना शोधून आणलेली वाक्यंही लागणार नव्हती. नुसतं नाही म्हणायचं होतं. नाही, वाजलं नव्हतं. त्यांनी चावी घट्ट धरली, तोंड उघडलं.

"वाजलं होतं," काकू म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकू भिंतीला टेकून, कप दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, दूधवाल्याशी बोलावं तसा. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं ह्यांनी. छत्तीस वर्षांत ह्यांच्या हातून एक चाक कधी सुटलं नाही."

चावीवाल्यानं टणटण्यांकडे पाहिलं. तो त्यांच्या तोंडून ऐकायला थांबला होता. भिंतीपलीकडे यंत्र घरघरत होतं. टणटण्यांचं तोंड अजून उघडंच होतं. त्यांनी ते मिटलं आणि मान हलवली. वरून खाली.

"हां," चावीवाला म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "हां. मग माझंच." त्यानं त्यांच्या हातातून चावी घेतली आणि खिडकीत होती तिथेच, तशीच आडवी ठेवली. "बरं झालं. मन सारखं पळवाट शोधत असतं, मास्तर. नक्की कळलेलं बरं."

निघताना तो कारखान्यात गेला आणि दोन मोठे मासे बर्फात घालून, गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. टणटणे नको नको म्हणाले. "असं कसं? एवढ्या लांबून आलात. तीन वर्षांत तुम्ही पहिले आलात माझ्याकडे." त्यानं ते गाठोडं काकूंच्या पिशवीत नीट बसवून दिलं, बिस्किटांचा पुडा होता त्याच जागी.

फलाटावर परतीच्या गाडीला अजून अर्धा तास होता. दोघं बाकावर बसली. पिशवीतून पाणी गळून फरशीवर ओघळ गेला होता. त्या ओघळाकडे बघत टणटणे म्हणाले, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्याच आठवड्यापासून."

"कसं?"

"मोजे," काकू म्हणाल्या. "इतकी थंडी, बोटांतून रक्त येतंय, आणि तुम्ही ते पुन्हा घातले नाहीत. धुवायलाही टाकले नाहीत. ट्रंकेत तळाला, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत. आणि कान जाऊन तुमचे किती वर्षं झाली, ते मला माहीत नसेल? हाक मारली की तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचात. मी विणले ते मोजे. मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली. तीन वर्षं बघितली." काकूंनी पदरानं नाक पुसलं. "समुद्र बघू म्हणालात तेव्हा कळलं मला, कशाला ते. म्हटलं, सांगून टाकू दे, सुटेल माणूस. बिस्किटं मीच घेतली ना? मनापासून घेतली. आणि तिथे बसल्यावर तुमचं तोंड उघडलेलं बघितलं, आणि मी घाबरले हो. ह्या वयात तुम्हाला कोर्टात उभं केलेलं डोळ्यांपुढे आलं. माझं मला दिसलं. कुणाच्या दारात जाऊन राहू मी?" त्या रडत होत्या, पण आवाज चढला नव्हता. "तो फ्रॉक बघूनसुद्धा बोलले मी. बघून बोलले."

टणटण्यांना राग येत नव्हता, आणि ह्याचीच त्यांना जास्त शरम वाटली. खोलवर कुठेतरी त्यांना हायसं वाटलं होतं. आपल्या वाटणीचं खोटं दुसऱ्यानं बोलून टाकलं होतं.

गाडी आली. सवयीनं त्यांनी चढण्याआधी वाकून चाकाकडे पाहिलं, मग आपण काय करतोय ते कळून सरळ झाले. दोघं खिडकीशी समोरासमोर बसली. सिग्नल पडेना. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. उतरून कारखान्यापर्यंत जायला तेवढी पुरली असती. टणटणे एकदा अर्धे उठले. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. धरला नाही, ओढलं नाही, नुसता ठेवला. तो हात काही साखळदंड नव्हता. त्याच्याखालून पाय काढून घेता आला असता. टणटणे बसले.

गाडी निघाली आणि वळणाशी येऊन बैलाच्या चालीला लागली. सात ओळींचा दगड आला. त्याच्या अलीकडे, कुंपणाबाहेर, चावीवाला उभा होता. कारखान्यातून तसाच आला असावा, पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. निरोप द्यायला आला असेल असं टणटण्यांना वाटलं. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, हलवला, आणि पहिल्यांदाच त्याला मोठ्यानं हाक मारली.

त्यानं वर पाहिलं नाही. गाडीकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो कुंपणाच्या तारेला धरून, वाकून, डब्यांच्या चाकांखालून एकेक चावी मोजत होता.